‘ते पुस्तकात नाही’ असे मी म्हणाले

मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या एका पदवीधर शिक्षिकेचे पत्र या वेळी निवडले आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळून पत्राचा सारांश देतो.

त्या लिहितात की इतिहास हा मुख्य विषय घेऊन त्यांनी बी. ए. केले आणि नोकरीला आता अकरा वर्षे झाली. शाळेत त्यांच्या विषयाला ‘वाचून दाखवायचा विषय’ म्हणतात. शिष्यवृत्तीचे जादा तास, नियतकालिक मूल्यांकन चाचणीचा सराव, एखाद्या कार्यक्रमाची तयारी, काहीही निघाले तरी तासिका जाते ती त्यांची. मुख्याध्यापक सज्जन आहेत, मात्र इतिहास आणि भूगोल मुले घरी वाचून करतील असे त्यांना मनापासून वाटते. तीन वर्ग, प्रत्येक वर्गाची दोन पुस्तके आणि वर मतदारयादीचे काम यांमुळे निम्म्याहून अधिक पाठांत त्या पुस्तकातच उत्तरांना खुणा करून देतात आणि उरलेली प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देतात. गणित शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने त्यांना गणिताची पदवी घेऊन विषय बदलून घेण्याचा सल्ला दिला आहे आणि तो त्यांना पटत चालला आहे. अशातच आठवीच्या वर्गात ‘समतेचा लढा’ हा पाठ चालू असताना एका मुलीने विचारले, “बाई, आपल्या गावातही पाणवठे वेगळे होते का?” वर्ग एकदम शांत झाला. “ते पुस्तकात नाही, पुढचा परिच्छेद वाच,” असे त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून ती मुलगी हात वर करत नाही. त्यांचा प्रश्न असा की ज्या विषयाला कोणी मानत नाही तो मनापासून कसा शिकवायचा आणि मुळात शिकवायचाच कशासाठी?

ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते विषयाच्या उपेक्षेचे पत्र वाटले, दुसऱ्या वाचनात ते त्या मुलीविषयीचे आहे असे लक्षात आले. पाच पानांच्या पत्रात तिच्यासाठी तुम्ही सहाच ओळी खर्च केल्या आहेत, परंतु त्या सहा ओळींत तुमचे अक्षर बदललेले दिसते. म्हणून उत्तराचा शेवट तिच्यापाशीच करीन. त्याआधी तुमच्या पत्रातील काही गृहीतके तपासून पाहू या.

तुमची तक्रार खरी आहे, हे आधी नोंदवतो. नियतकालिक मूल्यांकन चाचणी प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांची होते. शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. शाळेचे नाव ज्या आकड्यांवरून घेतले जाते त्यांत तुमचा विषय जवळजवळ कोठेच नाही, आणि जे मोजले जात नाही त्याचा वेळ आधी कापला जातो. तुमचे मुख्याध्यापक तुमच्यावर अन्याय करायला निघालेले नाहीत, त्यांच्यावर ज्या आकड्यांचा दाब आहे तोच ते पुढे ढकलत आहेत. मात्र ‘मुले घरी वाचून करतील’ या त्यांच्या वाक्याशी तुम्ही मनातून किती सहमत आहात, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. ज्या तासाला पुस्तकातील उत्तरांना खुणा करून देणे एवढेच घडते, तो तास खरोखरच घरी करता येण्यासारखा असतो. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तालुक्याच्या गावातील शाळेत मी एकवीस वर्षे भूगोल आणि इतिहास शिकवला आणि त्यांतील पहिली सहा वर्षे तुमच्यासारख्याच खुणा करून दिल्या. निकाल चांगला लागत असे. त्या सहा वर्षांतील एकही तास मला आज आठवत नाही.

शिक्षकांच्या खोलीत आपल्या विषयाकडे पाहण्याच्या साधारण तीन तऱ्हा आढळतात. अनेकांच्या दृष्टीने हा माहितीचा विषय असतो. सनावळी, राजधान्या आणि कलमे आज पाठ झाली तर पुढे तलाठी किंवा पोलीस भरतीच्या परीक्षेत उपयोगी पडतील, असा त्यामागचा विचार असतो. काहींच्या दृष्टीने हा संस्कारांचा विषय असतो, म्हणजे थोरांची चरित्रे सांगावीत आणि मुलांनी त्यांच्यासारखे व्हावे. फार थोड्यांना तो शोधाचा विषय वाटतो, ज्यात मुले आपल्या भोवतालच्या समाजाविषयी प्रश्न विचारायला आणि पुराव्याच्या आधारे उत्तर द्यायला शिकतात. या तिन्ही दृष्टी एकाच शिक्षकात एकाच आठवड्यात नांदू शकतात आणि पहिल्या दोन सर्वस्वी टाकाऊ आहेत असेही मी म्हणणार नाही. परंतु आपली खरी दृष्टी कोणती हे आपल्या बोलण्यावरून कळत नाही, आपण मुलांना कोणता प्रश्न विचारतो त्यावरून कळते.

सहावीच्या नागरिकशास्त्रातील ‘ग्रामीण स्थानिक शासन संस्था’ हा पाठ घ्या. ग्रामपंचायतीत किमान सात आणि जास्तीत जास्त सतरा सदस्य असतात, मुदत पाच वर्षांची असते, हे आपण पाठ करून घेतो. संस्काराच्या अंगाने शिकवणारा शिक्षक त्यात वेळेवर कर भरण्याचे आणि गाव स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व जोडतो. आता ग्रामपंचायतीची इमारत शाळेपासून किती पावलांवर आहे ते पाहा. आपल्या ग्रामपंचायतीत नेमके किती सदस्य आहेत, शेजारच्या गावात त्याहून कमी किंवा जास्त का आहेत, आपले घर कोणत्या प्रभागात येते, मागच्या ग्रामसभेत काय ठरले आणि त्यातील काय झाले? यांतील पहिल्या दोन प्रश्नांतूनच सदस्यसंख्या लोकसंख्येवर अवलंबून असते हे मुलांना स्वतःहून कळते आणि मग सात ते सतरा हा आकडा पाठ करावा लागत नाही. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत हे वाक्य वाचल्यावर सहावीतील मुलेसुद्धा आपल्या गावात प्रत्यक्ष कारभार कोण पाहते ते सांगू लागतात, कारण ते त्यांनी पाहिलेले असते. पुस्तकातले वाक्य आणि डोळ्यांनी पाहिलेले गाव यांच्यात जे अंतर असते, तेथेच आपल्या विषयाचे खरे काम सुरू होते असे मला वाटते. तुमच्या आठवीतील मुलीने त्याच अंतरावर बोट ठेवले होते.

नागरिकशास्त्राची आणखी एक अडचण अशी की इतिहासाच्याच पुस्तकात ते मागच्या बाजूला छापलेले असते. फेब्रुवारी येतो, इतिहास कसाबसा संपलेला असतो आणि नागरिकशास्त्र आठ दिवसांत ‘उरकले’ जाते. त्यावर साधा उपाय म्हणजे जूनपासून दोन्ही भाग समांतर चालवणे. स्थानिक शासनाचा पाठ १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या सुमारास घ्यावा, म्हणजे ग्रामसभेची नोटीस सूचना फलकावर लागलेली असते आणि मुले ती वाचून वहीत उतरवू शकतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ‘नागरिकशास्त्र’ हे नावच बदलून ‘राज्यशास्त्र’ करावे असे सुचवले होते. इंग्रजी अमलात, प्रजेत राजद्रोहाची भावना वाढत असताना हा विषय शाळेत आला आणि आज्ञाधारक प्रजा घडवण्याचा हेतू त्याला चिकटून राहिला, असे त्यामागचे निरीक्षण होते. आपल्या राज्यात नववीपासून राज्यशास्त्र हे नाव येते, आठवीपर्यंत जुनेच नाव आहे. नाव कोणतेही असो, ‘पुढचा परिच्छेद वाच’ हे वाक्य त्या जुन्या हेतूचेच आहे, आणि ते आपणा सर्वांच्या तोंडून निघते.

उपक्रम घ्यायला वेळ कोठे आहे, असे तुम्ही विचाराल. तीन वर्ग आणि सहा पुस्तके सांभाळताना प्रत्येक पाठ उपक्रमातून शिकवणे अशक्य आहे आणि तसे करा असे सांगणारा माणूस बहुधा वर्गात उभा राहिलेला नसतो. माझे सांगणे याहून लहान आहे. प्रत्येक वर्गाचा एका सत्रातील एकच पाठ निवडा. बाकीचे पाठ आज जसे शिकवता तसे शिकवा, खुणाही करून द्या, त्याची लाज बाळगू नका. परंतु तो एक पाठ सावकाश, खोलात जाऊन, गावाला जोडून शिकवा. वर्षाला तीन वर्गांचे मिळून सहा पाठ होतील. त्यांची कागदपत्रे आणि मुलांनी जमवलेली माहिती जपून ठेवलीत, तर तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे कोणत्याही गाइडात नसलेली सामग्री साठलेली असेल.

सातवी आणि आठवी या दोन्ही वर्गांच्या इतिहासाची सुरुवात ‘इतिहासाची साधने’ या पाठाने होते. बहुतेक शाळांत तो एका तासात संपवतात, कारण त्यात लढाई नाही आणि राजा नाही. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातला तो सर्वांत मोलाचा पाठ आहे. तुमच्या भागात १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. तेव्हा लहान असलेले आजी-आजोबा सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेल्या आईबापांविषयी, तेव्हा वाटल्या जाणाऱ्या सुकडी या पौष्टिक खाद्याविषयी, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीविषयी सांगतात. आठवीच्या मुलांना एकच काम द्यावे, घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीला त्या वर्षाविषयी पाच प्रश्न विचारून उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणणे. दुसऱ्या दिवशी वर्गात ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की ती जुळत नाहीत. एका आजोबांच्या मते गावात सर्वांना काम मिळाले, दुसऱ्या आजींच्या मते त्यांच्या वस्तीला ते उशिरा मिळाले. एक म्हणतात तलाव तेव्हाचा, दुसरे म्हणतात आधीचा. मग मुलांना विचारावे की यांतील खरे कोणाचे आणि ते कसे ठरवायचे. कोण कोठे राहत होते, कोणाचे वय किती होते, तलावाच्या नोंदीचा कागद कोठे सापडेल, असे प्रश्न तेराव्या-चौदाव्या वर्षीची मुले आपसूक विचारू लागतात. मौखिक साधन, लिखित साधन, साधनांची विश्वासार्हता हे शब्द तेव्हा पाठ करावे लागत नाहीत. त्याच धाग्याने रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली आधी झाला आणि देशाने तो पुढे २००५ मध्ये आपल्या रीतीने स्वीकारला, हेही सांगता येते. आपल्या आजोबांनी फोडलेल्या खडीचा देशाच्या कायद्याशी संबंध आहे हे कळल्यावर मुलांचे चेहरे कसे होतात, ते मी पाहिले आहे.

भूगोलाचे एक उदाहरण देताना माझी एक चूक तुम्हाला सांगणे आवश्यक वाटते, कारण गावाला जोडून शिकवताना ती कोणाच्याही हातून घडू शकते. आठवीच्या ‘भूमी उपयोजन’ या पाठात सातबारा उतारा आणि मिळकत पत्रिका यांची ओळख आहे. पाठ जिवंत व्हावा म्हणून मी मुलांना आपापल्या घरचा सातबारा आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वीस-बावीस उतारे आले. जे विद्यार्थी ते आणू शकले नाहीत त्यांच्यापैकी एक मुलगा पुढचे तीन दिवस शाळेतच आला नाही. त्याच्या घरी जमीन नव्हती. हे मला माहीत असायला हवे होते, आणि नसले तरी ज्या कामासाठी घरात जमीन असावी लागते ते काम वर्गाला द्यायचे नाही एवढी समज तरी हवी होती. पुढच्या वर्षीपासून मी माझ्या स्वतःच्या घरच्या जमिनीचा उतारा सर्वांपुढे ठेवू लागलो. गाव नमुना सात म्हणजे हक्कांची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, हे त्यावरून नीट दाखवता येते. त्याच उताऱ्यावर माझ्या वडिलांचे आणि काकांचे नाव होते, आजीचे किंवा आत्यांचे नव्हते. एका मुलीने त्याचे कारण विचारले आणि तो संपूर्ण तास त्या एका प्रश्नात गेला. भोवतालच्या समाजाचा अभ्यास करताना मुलांच्या घरातील उणेपणा वर्गात उघडा पडू नये याची काळजी शिक्षकाने आधीच घेतली पाहिजे. शक्य असेल तेथे गावाचा, शाळेचा किंवा स्वतःचा कागद वापरावा, विद्यार्थ्याच्या घरचा मागू नये.

आता परीक्षेविषयी. परीक्षाच पाठांतराची आहे, त्यामुळे शिकवणे बदलून काय उपयोग, असे तुमच्या पत्रात सूचित होते. हे दहावीच्या वर्गाबद्दल काही अंशी खरे असेल, तुमच्या वर्गांबद्दल नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या योजनेत सहावीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाचा भार निम्मा निम्मा आहे, सातवी-आठवीला आकारिक ४० टक्के आणि संकलित ६० टक्के आहे. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प आणि स्वाध्याय येतात. म्हणजे मोठा वाटा पूर्णपणे तुमच्या हातात आहे आणि तो वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. आज त्याच्या नोंदी मार्चमध्ये एका बैठकीत भरल्या जातात, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तुम्ही निवडलेल्या सहा पाठांपुरते तरी तसे करू नका. आजीची मुलाखत हाच आठवीचा प्रकल्प असू द्या आणि ‘दोन आठवणी जुळत नसतील तर कोणती खरी ते कसे ठरवाल?’ हाच चाचणीतील एक प्रश्न असू द्या. मुले वर्षभर आपल्या प्रश्नांच्या वळणाने अभ्यास करतात. ‘टिपा लिहा’ एवढेच विचारले तर ती टिपा पाठ करतील आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

मध्य प्रदेशात एकलव्य या संस्थेने १९८० च्या दशकात सरकारी मिडल शाळांसाठी, म्हणजे सहावी ते आठवीसाठी, सामाजिक अध्ययनाची नवी पुस्तके तयार करून नऊ शाळांत ती चालवली. तेथे परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती. पुस्तक समोर असल्यामुळे पुस्तकातील वाक्य लिहून काहीच हाती लागत नसे, त्यामुळे प्रश्नच वेगळे काढावे लागत, आणि प्रश्न वेगळे काढायचे म्हणून शिक्षकांना वेगळे शिकवावे लागे. शासनाने २००२ मध्ये तो कार्यक्रम थांबवला, ही माझ्या मते मोठी हानी होती. परंतु एका घटक चाचणीपुरते पुस्तक उघडे ठेवण्यासाठी तुम्हाला कोणत्याही कार्यक्रमाची गरज नाही. पहिल्या वेळी मुले गोंधळतील, अर्धा वेळ उत्तर कोणत्या पानावर आहे तेच शोधत बसतील. दुसऱ्या वेळेपासून ती विचार करू लागतात.

मुख्याध्यापकांशी बोलताना विषयाच्या थोरवीचे भाषण करू नका, त्यांच्या अडचणीतून बोला. दोन मुद्दे उपयोगी पडतील. एक म्हणजे, आठवीच्या मुलांसाठी असलेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा. तिच्या शालेय क्षमता चाचणीत ९० गुणांपैकी सामान्य विज्ञानाला ३५, समाजशास्त्राला ३५ आणि गणिताला २० गुण असतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. तुमच्या शाळेतील अनेक घरांसाठी ही रक्कम मुलीचे शिक्षण चालू राहील की थांबेल हे ठरवणारी असू शकते. दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘विकेंद्रीकरण’, ‘सार्वभौम’, ‘समोच्च रेषा’, ‘कार्यकारी मंडळ’ असे शब्द असलेला मजकूर मुले घरी वाचून करतील असे मानणे म्हणजे त्यांच्या वाचनक्षमतेविषयी फारच मोठा विश्वास बाळगणे आहे. भाषेच्या पुस्तकाबाहेर सर्वांत अवघड गद्य तुमच्याच पुस्तकांत आहे. त्या तासांना मजकूर वाचून अर्थ लावण्याचा सराव झाला, तर भाषेच्या चाचणीतील आकलनाच्या प्रश्नांनाही त्याचा उपयोग होईल, आणि हे मुख्याध्यापकांना पटण्यासारखे आहे. त्यांच्याकडून सगळ्या तासिका परत मागू नका. आठवड्यातील दोन तासिका कोणत्याही कारणाने घेतल्या जाणार नाहीत, एवढेच ठरवून घ्या. मात्र शिष्यवृत्तीच्या मुद्द्यावर फार विसंबू नका, नाहीतर तुमच्या विषयाचे पुन्हा बहुपर्यायी प्रश्नांचे कोठार होईल.

गणिताच्या पदवीबद्दल. तुम्हाला गणित आवडत असेल तर अवश्य घ्या, शिकण्याला वयाची अट नसते. परंतु तुमच्या पत्रात गणिताविषयी एकही वाक्य नाही, गणिताच्या शिक्षकांना मिळणाऱ्या मानाविषयी आहे. दुसऱ्याच्या विषयाचा मान आपल्या अंगाला लागेल म्हणून घेतलेली पदवी पाच-सहा वर्षांत पुन्हा याच जागी आणून सोडते, असे मी दोन सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले. निर्णय घेण्याआधी एक वर्ष वर सांगितलेले सहा पाठ शिकवून पाहा. वर्षाच्या शेवटीही विषय बदलावासा वाटला, तर तो निर्णय थकव्यातून आलेला नसेल. मतदारयादीच्या कामाचा तुम्हाला त्रास होतो आणि तो रास्त आहे, तरी घरोघर फिरताना कोणाचे नाव यादीत नाही आणि का नाही हे तुम्ही स्वतः पाहता. आठवीत निवडणूक आणि संसद शिकवताना याहून चांगले उदाहरण तुम्हाला कोठे मिळेल?

आता त्या मुलीकडे येतो. ‘ते पुस्तकात नाही’ असे तुम्ही का म्हणालात हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु मला ते अंदाजाने कळते. वर्गात सर्व वस्त्यांतील मुले बसलेली असतात, उत्तर दिले तर संध्याकाळी कोणाच्या तरी घरी त्याची चर्चा होईल, कोणी शाळेत येऊन जाब विचारील, अशी भीती एका क्षणात मनात येऊन जाते. ही भीती खोटी नसते. परंतु गप्प राहणे म्हणजे तटस्थ राहणे, असे जे आपण मानतो ते बरोबर नाही. तुमच्या शांततेचा अर्थ त्या वर्गातील प्रत्येक मुलाने आपापल्या परीने लावला असेल, आणि ज्याच्या आजीने वेगळ्या पाणवठ्यावर पाणी भरले होते त्याने तो सर्वांत नेमका लावला असेल.

अशा प्रश्नाला उत्तर देताना तीन गोष्टी पाळाव्यात असे मला अनुभवाने वाटते. कोणत्याही मुलाला आपल्या जातीचा किंवा धर्माचा साक्षीदार म्हणून वर्गात उभे करू नये. आपले मत सांगण्याआधी कागद आणि कायदा समोर ठेवावा. आणि त्या दिवसाच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदीत, पाठाचे नाव, पृष्ठ क्रमांक आणि चर्चेचा उद्देश लिहून ठेवावा, मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्यावी. कोणी पालक आलेच तर त्यांना टाचण आणि पुस्तक दाखवून शांतपणे बोलता येते, आणि शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असल्यामुळे तेथेही हा विषय मांडता येतो.

तो पाठ पुन्हा उघडा. फळ्यावर चार सने लिहा, १९२३, १९२४, १९२७ आणि १९३७. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचे ठरवले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि तळे खासगी आहे असे म्हणणाऱ्यांनी लावलेला न्यायालयातील दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये निकाली निघाला. वर्गाला विचारा की ठराव झालेला असताना पाणी का मिळत नव्हते. मग सांगा की तुमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून मुंबईचा तो ठराव तेथे लागूच नव्हता. त्यानंतर सातवीच्या पुस्तकातील मूलभूत हक्क पुन्हा काढा आणि संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख का केला असावा, हे मुलांनाच शोधू द्या. देशाच्या संविधानात विहिरीचे नाव लिहावे लागले, यातच त्या मुलीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

गावातील पाणवठ्यांविषयी मुलांनी घरी काय विचारायचे ते घरावर आणि मुलांवर सोडा, गृहपाठ म्हणून देऊ नका. कोणी स्वतःहून सांगितले तर ऐकून घ्या, वहीत लिहायला लावू नका आणि नावे फळ्यावर आणू नका. मात्र त्या तासाला सुरुवात करण्यापूर्वी त्या मुलीकडे पाहून, सर्व वर्गासमोर, एवढे अवश्य म्हणा की त्या दिवशी तू विचारलेला प्रश्न चांगला होता, मी त्याचे उत्तर दिले नाही आणि आज आपण सर्व जण मिळून ते शोधणार आहोत.